इंग्रजी साहित्य सामान्यांच्या बोलीतून आलं का?

प्रश्न: १०६६ मध्ये फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर तिथल्या दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन. मग शेतकऱ्यांच्या इंग्रजीत साहित्य आलं कुठून?

उत्तर: अहो, ते आधीपासून होतंच! बीड नावाच्या जुन्या इंग्रज भिक्षू-इतिहासकाराने लिहून ठेवलंय, सातव्या शतकात व्हिटबीच्या मठात गुरं राखणारा कॅडमन मेजवानीत एकेकाने गावं म्हणून फिरवली जाणारी हार्प (तंतुवाद्य) जवळ येताना दिसली की उठून जायचा, गाता येत नाही म्हणून. एका रात्री गोठ्यात झोपला असताना स्वप्नात त्याला गाणं सुचलं. त्याच्या नऊ ओळी आजही वाचता येतात. मला तर तोच खरा आद्यकवी वाटतो.

दुसरं उत्तर: पटलं. आणि १३६२ चा कायदाही बघा: लोकांना फ्रेंच कळत नाही, म्हणून कोर्टातले खटले इंग्रजीत चालवा! पुढे कवी चॉसरने आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये गिरणीवाल्यालाही कथा सांगायला लावली.