मुंबई मॅरेथॉन: 32 किमीनंतर पाय आणि मन दोन्ही अडून बसतात, तेव्हा नेमकं काय करायचं?

टेकडीकर_पुणे (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

जानेवारीतल्या मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनसाठी सल्ला हवा आहे. आकडेच देतो. वय 41, वजन 66 किलो, आठवड्याला साधारण 45 किमी धावणं, हाफ मॅरेथॉनची सर्वांत चांगली वेळ 2:05. मागच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये अर्धं अंतर 2:10, 32 किमी 3:20, शेवट 5:05. लक्ष्य होतं 4:30. खाल्लं काय, तर 20 आणि 30 किमीला एकेक जेल (धावताना खायची दाट, गोड पाकाची पुडी). बाकी पाणी आणि ओआरएस.

32 नंतर मांड्या दगड होतात आणि पेडर रोडच्या चढावर "सोडून द्यावं" याखेरीज डोक्यात काही उरत नाही. यात शरीर किती आणि मन किती? त्या दहा किमीत करायचं काय? "जिद्द ठेवा" सोडून काहीही सांगा.

---

हिशेबी_धावक

तुमच्या आकड्यांतच बरंचसं उत्तर आहे. मनाकडे नंतर येऊ, आधी इंधन बघू.

धावायला दर किलोला दर किमीमागे ढोबळमानाने 1 किलोकॅलरी लागते. 66 किलो गुणिले 42.2 म्हणजे पावणेतीन हजारांच्या वर. शरीरात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, स्नायूंत 400 ग्रॅमच्या आसपास आणि यकृतात 80-100 ग्रॅम. सगळी मिळून दोन हजार किलोकॅलरी धरा, आणि तीही पूर्ण वापरता येत नाही. दंडाच्या स्नायूतलं ग्लायकोजेन मांडीला उसनं मिळत नाही, ते ज्या स्नायूत साठलं तिथेच खर्च होतं. उरलेली ऊर्जा चरबीतून येते, पण चरबी सावकाश जळते. वेग जितका जास्त, तितका साखरेचा वाटा जास्त.

आता तुमचं पहिलं अर्ध 2:10. हा 4:20 चा वेग झाला, 4:30 चा नव्हे. 2:05 च्या हाफवरून नेहमीच्या सूत्राने पूर्ण मॅरेथॉन 4:21 येते, पण ते सूत्र भरपूर किलोमीटर पायाखाली घालणाऱ्यांना लागू पडतं. आठवड्याला 45 किमी आणि वर मुंबईची दमट हवा धरली, तर 4:40 हे प्रामाणिक लक्ष्य. म्हणजे किमीला 6 मिनिटं 38 सेकंद (6:38). पहिले 5 किमी 6:50 ने जा. मरीन ड्राइव्हवर पहाटेच्या गारव्यात, गर्दीच्या भरात तो वेग रांगल्यासारखा वाटेल. वाटू द्या. तिथे वाचवलेल्या एका मिनिटाची भरपाई शेवटी पाच-सहा मिनिटांनी होते.

दुसरी चूक दोन जेलची. एका जेलमध्ये 20 ते 25 ग्रॅम कर्बोदकं असतात. पाच तासांत तुम्ही जेमतेम 50 ग्रॅम घेतली. गरज होती ताशी 45 ते 60 ग्रॅमची. ओआरएसचा इथे फार मोठा गैरसमज आहे. लिटरभर ओआरएसमध्ये ग्लुकोज फक्त 13.5 ग्रॅम, म्हणजे 54 किलोकॅलरी. ते मीठ-पाण्यासाठी उत्तम, पण त्याने पोट आणि पाय भरत नाहीत.

असं करा: पहिला जेल 30 व्या मिनिटाला, भूक नसताना. मग दर अर्ध्या तासाला एक, प्रत्येकावर 100-150 मिली साधं पाणी. जेल आणि गोड पेय एकत्र घेऊ नका. पोटात साखर फार दाट झाली की आतड्यात पाणी ओढलं जातं, मग कळ, मळमळ, जुलाब. 4:40 मध्ये आठ जेल लागतात आणि ते महाग पडतात हे खरं. निम्म्या ठिकाणी बिया काढलेले चार लहान खजूर चालतील, साधारण तेवढीच साखर मिळते. फक्त खजुरात चोथा असतो, म्हणून लांब सरावात किमान चार वेळा हेच खाऊन बघा. आतड्यालाही सराव लागतो.

शेवटच्या दोन दिवसांत दर किलो वजनामागे रोज 8 ग्रॅम कर्बोदकं, तुम्हाला 530 ग्रॅम. शिजलेल्या भाताची वाटी 40 ग्रॅम देते, एक पोळी 15-18. यावरून कळेल की "आदल्या रात्री पास्ता" पुरत नाही. भात, साबुदाणा, बटाटा, केळी, गूळपोळी, सरबत, असं दिवसभर चालू ठेवा. उसळी, कोशिंबिरी आणि तिखट तेवढे दोन दिवस बाजूला. वजन किलोभर वाढेल. घाबरू नका, ग्लायकोजेन साठताना पाणीही धरून ठेवतं.

---

पेडर_रोडचा_चढ

हिशेबींना +१. मी फक्त रस्त्याबद्दल लिहितो. मार्ग अधूनमधून बदलतो, त्यामुळे त्या वर्षीचा अधिकृत नकाशा बघाच.

सुरुवात अंधारात, सूर्योदय सव्वासातच्या सुमाराला. सी लिंकवर वारा आणि उजेड दोन्ही छान, म्हणून तिथे वेग नकळत वाढतो. घड्याळ बघत राहा. परतीला वरळी-हाजीअलीपर्यंत ऊन अंगावर आलेलं असतं, आणि पेडर रोडचा चढ नेमका 35 किमी उलटल्यावर भेटतो. एरवी गाडीतून जाताना तो चढ आहे हे जाणवतही नाही.

तिथे वेग विसरायचा, श्वास धरायचा. सपाटीवर जितकी धाप लागत होती तितकीच राहील इतकं सावकाश. पावलं आखूड, नजर दहा-पंधरा मीटरवर, हात मागे जोरात. चालायचंच असेल तर ठरवून चाला: 60 पावलं धावा, 20 चाला, पुन्हा 60. "आता होत नाही" म्हणून चालायला लागलं की परत धावणं अवघड जातं, ठरवून चाललेल्याला ते सोपं जातं. केम्प्स कॉर्नरनंतरच्या उतारावर टाचा रोवून ब्रेक मारू नका, मांड्या तिथेच फाटतात. पुढे थोडं झुकून पाय लवकर लवकर टाका. खाली चौपाटीला लागलात की पाचेक किमी उरतात, पण मरीन ड्राइव्हवर सावली नाही. टोपी ओली करून घाला.

पेडर रोडवर लोक संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, चिक्की घेऊन उभे असतात. फार प्रेमाने देतात. संत्रं घ्या. चिक्की त्या वेळी चावताही येत नाही आणि शेंगदाण्याचं तेल पोटात बसून राहतं.

---

सावली_आणि_शंभर

शरीर किती आणि मन किती, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात. रक्तातली साखर उतरली की माणूस चिडतो, साधी बेरीज जमत नाही, सगळं निरर्थक वाटू लागतं. धावणारा त्याला "माझी जिद्द कमी पडली" असं नाव देतो आणि स्वतःला बोलायला लागतो. म्हणून एक नियम घरूनच ठरवून न्या: जेल आणि पाणी घेऊन, पाच मिनिटं चालून, त्यानंतर आणखी दहा मिनिटं गेल्याशिवाय सोडण्याचा निर्णय घ्यायचा नाही. साखर कामाला लागायला तेवढा वेळ लागतोच.

मळमळीमुळे जेल गिळवत नसेल तर गोड पेय तोंडात दहा सेकंद खुळखुळवा आणि थुंका. जिभेला साखर कळली की मेंदू थोडी ढील देतो. सायकलस्वारांवरच्या 2004 च्या एका प्रयोगात तासाभराच्या कसोटीत याने सुमारे 3 टक्क्यांचा फरक दिसला होता. इंधनाची जागा ते घेत नाही, पण पोट शांत होईपर्यंतची वेळ निभते.

आता मोजणी. "अजून दहा किमी" हे थकलेल्या डोक्याला पेलत नाही. उजवा पाय टेकेल तेव्हा एक, असं शंभरपर्यंत मोजा. मिनिटाला 165 पावलं आणि 6:38 चा वेग धरला तर एक शंभर म्हणजे साधारण 180 मीटर. साडेपाच शंभर झाले की किमी संपला. प्रत्येक शंभराच्या शेवटी अंगाची झडती घ्या: जबडा आवळलाय का, खांदे कानाशी गेलेत का, मुठी घट्ट आहेत का. सोडा, पुन्हा एक. मोजणी चुकली तर चुकू द्या, पुन्हा एकपासून.

स्वतःशी बोलायची वाक्यं आधी ठरवा आणि सरावाच्या शेवटच्या 5 किमीत वापरा. त्या दिवशी नवीन वाक्य सुचत नाही. वाक्य लहान आणि खरं हवं. "मस्त वाटतंय" हे खोटं असल्याने उपयोगी पडत नाही. "दुखतंय, तरी पाय उचलतोय" हे चालतं. स्वतःला नावाने हाक मारून सूचना केली तर आणखी बरं, मित्राला सांगतो तशी: "पुढच्या खांबापर्यंत चल रे."

आणि "असं झालं तर असं करायचं" हे चार-पाच ओळींत लिहून काढा. बरगडीखाली कळ आली तर वेग कमी, तिथे बोटांनी दाब, लांब उच्छ्वास. जेल पडला तर पुढच्या पाण्याच्या टेबलावर गोड पेय. लक्ष्य वेळ हातची गेली तर दुसरं लक्ष्य कोणतं, तेही आधीच ठरलेलं हवं. पहिलं लक्ष्य मोडलं आणि दुसरं तयारच नसलं, की माणूस तिथेच थांबतो.

---

स्टेथोस्कोप_आणि_शूज

वरचं सगळं बरोबर. पण कशातून रेटायचं आणि कशातून नाही, हे लिहिल्याशिवाय हा धागा अर्धवट राहील.

दोन्ही मांड्या सारख्या जड, तळवे जळतायत, कंटाळा, रडू येतंय: रेटा. छातीत दाब किंवा दुखणं, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, वेग कमी करूनही न उतरणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी: लगेच थांबा आणि वैद्यकीय तंबू गाठा. उन्हात अंगावर काटा येणं, बोलणं अडखळणं, दिशा न कळणं ही उष्माघाताची चिन्हं असू शकतात. तिथे धीर देत बसू नका. त्या माणसाला सावलीत न्या, मदत बोलवा आणि बर्फ-पाण्याने अंग थंड करायला लागा. एकाच जागी टोचणारं दुखणं ज्याने चाल बदलते, तेही थांबण्याचंच.

प्रत्येक टेबलावर "प्यायलाच हवं" म्हणून पिऊ नका. पाच तास रस्त्यावर असणाऱ्यांना पाणी कमी पडण्याइतकाच जास्त होण्याचाही धोका असतो. रक्तातलं सोडियम लिटरमागे 135 मिलिमोलच्या खाली गेलं की डोकेदुखी, उलटी, बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, पुढे गोंधळ आणि झटके. तहानेप्रमाणे प्या. अंदाज हवा असेल तर तासभराच्या सरावाआधी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करा: 800 ग्रॅम घटलं आणि 300 मिली प्यायलात, तर घाम 1.1 लिटर. तेवढं सगळं भरून काढायचं नसतं. धावून वजन वाढलं असेल तर मात्र पाणी नक्की जास्त झालं.

वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, धावण्याआधी किंवा धावताना अजिबात घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडाला त्या महागात पडतात. नंतरच्या दिवसांत लघवी काळ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

---

टेकडीकर_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रिंट काढून भिंतीवर लावतोय. दोन शंका: पोटरीत गोळा आला तर स्प्रे मारून पुढे जायचं का? आणि सरावात नेमका काय बदल करू?

---

हिशेबी_धावक

स्प्रेने कातडी गार पडते आणि दुखणं थोडा वेळ झाकतं, गोळा सुटत नाही. रस्त्याच्या कडेला या, गुडघा सरळ ठेवून टाच जमिनीला टेका आणि पोटरी 20-30 सेकंद ताणा. सुटली की दोन मिनिटं चाला, मग आखूड पावलांनी धावा. गोळ्याचं मुख्य कारण सहसा वेग आणि थकवा असतं. मीठ हे त्यातलं एकच, आणि बहुतेक वेळा मोठं नसलेलं.

सराव: आठवड्याचं अंतर सावकाश 55-60 पर्यंत न्या. लांब धाव 30-32 किमीची तीनदा, त्यातल्या दोन वेळा शेवटचे 8 किमी 6:38 ने. थकल्या पायांनी वेग धरणं हेच शिकायचं आहे. पुण्यात टेकड्या आहेत, त्यांचा उतारही वापरा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकसतो आणि त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. काही आठवडे थोडी थोडी झाली की तो टणक होतो. दहा दिवसांतून एकदा, 6 वेळा 300 मीटर बेताचा उतार पुरे. शेवटच्या तीन आठवड्यांत उतार बंद, अंतर दर आठवड्याला पाव भागाने कमी.

शर्यतीच्या दिवशी अडीच तास आधी दोन केळी आणि तीन ब्रेड-जॅम. पाचच्या सुमाराला सुरुवात असेल तर अडीचला उठावं लागेल, म्हणून आदल्या दिवशी दुपारी झोपा. मांड्यांच्या आत, काखेत आणि छातीवर व्हॅसलीन. नवीन मोजे नकोत. जेल पुढच्या खिशात ठेवा, घामेजल्या बोटांनी मागच्या खिशातून काढताना हमखास पडतात, आणि 30 किमीनंतर वाकून उचलणं नको होतं.