मदत हवी आहे: कुटुंबनियोजनाबद्दल पुरुषांशी कसं बोलावं?

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, सध्या आफ्रिकेत, मलावीतल्या एका गावात बायकांच्या बचत गटांबरोबर काम करते. मी नर्स नाही, औषध देत नाही. दर तीन महिन्यांनी घ्यायचं गर्भनिरोधक डेपो इंजेक्शन सरकारी आरोग्यसेवक गावातच देतो. आपल्याकडचं ‘अंतरा’ तेच. म्हणजे सोय आहे, अडचण निराळीच आहे.

या इंजेक्शनने पाळी मागेपुढे होते, पुष्कळदा थांबतेही. मग ‘रक्त आत साठतंय’, ‘आता मूल होणार नाही’ अशी भीती पसरते आणि नवरे बंद करायला लावतात. एकीने तिची हेल्थ पासपोर्टची वही (यात दवाखान्याच्या नोंदी असतात) नवऱ्याला दिसू नये म्हणून मक्याच्या पिठात खुपसून ठेवलेली मला दाखवली. फार वाईट वाटलं.

गावप्रमुखाची परवानगी घेतली आहे. आरोग्यसेवकाला बैठकीत बोलावून शंकांची उत्तरं दिली. इंजेक्शन बंद केल्यावर दिवस राहायला वर्षभरही लागू शकतं, पण क्षमता जात नाही, हेही सांगितलं. बायकांना पटतं. पुरुष मात्र बैठकीकडे फिरकतच नाहीत.

गावात वीज नाही, त्यामुळे व्हिडिओ सुचवू नका. इथली चिचेवा भाषा मला जेमतेम येते, दुभाषी लागतो. आमिष किंवा दबाव मला अजिबात नको; निर्णय त्या बाईचाच राहिला पाहिजे.

गुजरातेत पंचमहाल, छोटा उदेपूरकडे आशाबेनबरोबर (गावातल्या आशा सेविकांबरोबर) काम केलेलं कोणी आहे का इथे? तुम्ही पुरुषांना कशाच्या निमित्ताने जमवलंत, बोलायला सुरुवात कोणी केली? आणि लपून इंजेक्शन घेणाऱ्या बायका त्यात उघड्या पडू नयेत म्हणून काय काळजी घेतलीत?