पहिल्या नोकरीत पगाराचं बोलणं कसं केलंत? अनुभव सांगा

— धागाकर्ती

माझा धाकटा भाऊ यंदा फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून मेकॅनिकल करून बाहेर पडला. दोन ऑफर आहेत, एक इथल्या, गोव्यातल्या वेर्ण्याची आणि एक पुण्याची, पुण्याचा आकडा बराच मोठा आहे पण त्याला गोव्यातच राहायचंय. वेर्ण्याच्या एचआरने फोनवर त्याला सांगितलं, तू घरूनच येणार ना, रूम नाही मेस नाही, मग ह्या पगारात तुला कमी काय पडतंय? ह्यावर काय बोलायचं ते त्याला सुचलं नाही आणि मलाही सुचत नाहीये. बाबा म्हणतात मिळतंय ते घे, पहिल्या नोकरीत कोण घासाघीस करतं, मासळी बाजार आहे का तो. तर ज्यांनी पहिल्या पगाराचं बोलणं केलंय किंवा गप्प बसून सही केलीय त्यांनी प्लीज लिहा. आकडे सांगितलेत तर उत्तम, कंपनीचं नाव नको.

— बोरी पुलावरचा प्रवासी
"घरूनच येणार" हे गोव्यातल्या प्रत्येक फ्रेशरने ऐकलेलं असतं ताई, एचआरला ट्रेनिंगमध्येच शिकवत असावेत. मी फोंड्याचा, वेर्ण्याला मेंटेनन्समध्ये लागलो, २० हजार ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचे, सांगितले. मी वाद नाही घातला, एवढंच विचारलं की सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते, त्यानंतर लोटली-बोरीमार्गे फोंड्याला कुठली बस मिळते ते सांगा. साहेब गप्प. महिन्याचं पेट्रोल, बाईकची सर्व्हिसिंग, कँटीन बंद असताना बाहेरचं जेवण, सगळं एका कागदावर मांडून नेलं होतं तो पुढे सरकवला. बेसिक, म्हणजे मूळ पगार, एक रुपयाने वाढलं नाही, ग्रेड फिक्स आहे म्हणाले. पण शिफ्ट अलाऊन्स जो नवीन पोरांना कन्फर्मेशननंतर, म्हणजे कायम झाल्यावर, लागायचा तो मला पहिल्या महिन्यापासून लावला. घरून येणाऱ्यालाही खर्च असतो हे त्यांना माहीत असतं हो, आपण विचारेपर्यंत कोण कशाला सांगेल. आणि घरी आईच्या हातात किती ठेवतो हा विषय तर टेबलावर येऊच द्यायचा नाही.

— कॉम्प, आता हिंजवडी
पुण्याचा आकडा आधी सोडवून बघा. माझं सीटीसी, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ४.५ लाख होतं, घरी सगळ्यांनी बाराने भागून साडेसदतीस हजार काढले आणि मावशीला फोनही करून झाला. पत्र उघडलं तर त्यात ४५ हजार व्हेरिएबल, म्हणजे कंपनीचं वर्ष बरं गेलं आणि मॅनेजरचा मूड बरा असला तर. बेसिक महिना १५ हजार, त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००, तो सीटीसीतच धरलेला. ग्रॅच्युइटी, नोकरी सोडताना मिळते ती, बेसिकच्या ४.८१ टक्के, वर्षाला साडेआठ हजारांच्या वर, तीही सीटीसीत, आणि मला ती मिळायला पाच वर्षं तिथेच काढायला हवीत, आयटीत कोण काढतंय. मेडिकल इन्शुरन्सचे ८ हजार. मग उरलेल्यातून माझ्या वाट्याचा पीएफ परत १,८०० आणि महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये, फेब्रुवारीत ३००. हातात आले साडेअठ्ठावीस हजार. त्यातले १३-१४ हजार रूम आणि डब्यात गेले, वर चतुर्थीला यायचं तर बसवाले जे भाडं लावतात ते वेगळं. आता वेर्ण्याचा हातातला पगार काढा आणि शेजारी ठेवा, तुम्हाला वाटतो तेवढा फरक राहत नाही.
कॅम्पसच्या ऑफरला आकडा हलत नाही, सगळ्या बॅचला एकच असतो. मी मेलवर दोन गोष्टी विचारल्या, मागच्या वर्षी फ्रेशरना व्हेरिएबल प्रत्यक्षात किती टक्के मिळालं आणि सुरुवातीला राहायची सोय होईल का. पहिल्याचं उत्तर गोल गोल आलं, दुसऱ्याला हो म्हणाले, गेस्ट हाऊस मिळालं.

— सिव्हिलवाला, पेडणे
आमच्यात ऑफर लेटर मिळालं तरी पेढे वाटायला हरकत नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला १५ देतो, साइटवर ये सोमवारपासून. मी विचारलं जून ते सप्टेंबर काय? तर म्हणे पावसात काम कमी, तेव्हा बघू. ते 'बघू' म्हणजे अर्धा पगार हे सिनियरनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं बारा महिने १५ द्या, पावसात मी ऑफिसात बसून बिलं आणि क्वांटिटी करतो. मानला. सिव्हिलच्या पोरांनो, आकड्याआधी पावसाचं विचारा आणि व्हॉट्सअॅपवर का होईना लिहून घ्या.

— टेबलाच्या पलीकडची
मी एचआरमध्ये आहे, दगड मारायचे तर नंतर मारा. फ्रेशरसाठी ग्रेडप्रमाणे बजेट वर मंजूर झालेलं असतं, त्यात बेसिक हलवायचा अधिकार माझ्याकडे नसतो, खरंच नसतो. पण जॉइनिंग बोनस, शिफ्ट, बसचा पिकअप, जॉइनिंगची तारीख, सहा महिन्यांनी कन्फर्म करताना पगार रिव्ह्यू करणार हे पत्रात लिहिणं, ह्यात जागा असते आणि बहुतेक मुलं ती विचारतच नाहीत. बोनस मिळाला तर वर्षाच्या आत सोडल्यास परत करायचा असं कलम असतं, ते वाचा. विचारलं म्हणून ऑफर काढून घेतली असं आमच्याकडे झालेलं नाही. छोट्या ठिकाणी मालक स्वतः बोलतो तिथे त्याला राग येऊ शकतो, नाही म्हणत नाही. एकदा विचारा, कारणासकट विचारा, आणि एक आकडा सांगा, "थोडं वाढवा ना मॅडम" ह्यावर मी वरच्याला काय सांगू? आणि दुसरी ऑफर आहे म्हणाल तर आम्ही पीडीएफ मागतो, नसलेली ऑफर सांगू नका. घरून येणार हे वाक्य मीही वापरलंय, ते वापरायला सांगतात.

— बोरी पुलावरचा प्रवासी
बघा, ट्रेनिंगच आहे!

— एक बाप, डिचोली
मुलगी इलेक्ट्रिकल. आमच्याकडे खाजगीत गेलं की पहिला प्रश्न, वीज खात्याचा फॉर्म भरलाय का? मालकालाही हे पाठ असतं. तिला तोंडावर सांगितलं, सरकारी लागली की तू जाणार, म्हणून तीन वर्षांचा बाँड, म्हणजे त्याआधी सोडलं तर पैसे भरायचे, आणि डिग्रीची ओरिजिनल्स आमच्याकडे. पगारही त्याच कारणाने कमी. मी म्हटलं बाय, पगाराचं तू बघ, ओरिजिनल्स कुणाला द्यायची नाहीत, झेरॉक्स द्यायची आणि ओरिजिनल दाखवून परत आणायची. तिने त्यांना सरळ सांगितलं की बाँड हवा तर एक वर्षाचा करते आणि ट्रेनिंगवर तुमचा जो खर्च होईल तेवढीच रक्कम घाला. हो ना करत दीड वर्षावर आले, ओरिजिनल्सचा विषय सोडला. बाँड म्हणजे नुसता कागद असं पोरं एकमेकांना सांगतात ते ऐकू नका, मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवलाय. प्रत्येक बाँडला ते लागू पडेलच असं नाही, पण सही करताना ती रक्कम आपल्याला भरता येईल का हे बघून करावी.

— धागाकर्ती
काका, बाँडचं आमच्या डोक्यातच नव्हतं, आत्ता भावाला पत्र परत वाचायला लावलं, दोन वर्षांचा निघाला, तोही शेवटच्या पानावर. बसचा पिकअप आणि शिफ्ट अलाऊन्स उद्या विचारतोय तो. आणखी एक, पुण्याची जॉइनिंग बरोबर चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात आहे, तारीख बदलून मागितली तर वाईट दिसेल का?

— कॉम्प, आता हिंजवडी
मुळीच नाही, बिनधास्त मागा, पण कारण नुसतं सण असं लिहू नका, त्यांना दीड दिवस वाटतो. घरी पाच दिवसांचा गणपती आहे, नंतरच्या सोमवारी जॉइन होतो असं तारखेसकट लिहा. मला लगेच दिली, फक्त पुढच्या इंडक्शन बॅचमध्ये टाकलं. नवीन तारीख मेलवर घ्या मात्र. माझ्या बॅचमधल्या एकाला फोनवर "हां चालेल" म्हणाले, तो गणपतीवरची माटोळी सोडून आल्यावर बघतो तर सिस्टीममध्ये जुन्याच तारखेपासून गैरहजर.