मालिका बघून स्पॅनिश शिकलेल्यांनो, या इकडे!

रिकामटेकडी:
काल 'बेटी'चा २०२४ चा नवा अवतार लावला आणि जुनी बेटी आठवली. 'यो सोय बेटी, ला फेआ', कोलंबियाची, १९९९ ची. आपली जस्सी तिच्यावरूनच. बेटीच्या बापाचं 'एल दियाब्लो एस पुएर्को' (सैतान डुक्कर आहे, म्हणजे पोरी जपून) मला क्रियापदांच्या आधी पाठ झालं.

त्यात बहुतेक सगळे एकमेकांना 'उस्तेद' (आदराचं 'आपण') म्हणतात. बोगोतात जवळच्या मित्रांतसुद्धा ते चालतं. मी तेच उचललं आणि माद्रिदला रूममेट्सशी दोन आठवडे उस्तेद-उस्तेद करत राहिले. शेवटी एकीने विचारलंच, "आमचं काही चुकलं का गं?" तिकडे मैत्रिणीला उस्तेद म्हणजे आपण भांडण झाल्यावर "आपण जेवलात का?" विचारतो तसलं.

तुमचेही पचके येऊ द्या.

घुबड:
पचका = मेतेर ला पाता. पाय घातला. 😄

अर्धवटराव:
मी स्पेनच्या मालिका बघून शिकलो. तिथे बस, टॅक्सी, फोन, सगळं 'कोहेर' (घेणे, पकडणे) करतात. मेक्सिकोच्या क्लायंटसमोर "मी टॅक्सी कोहेर करून येतो" म्हणालो. कॉलवर शांतता. मग एकाने हळूच मेसेज केला, इकडे त्याचा अर्थ विचारू नकोस, 'तोमार' म्हण.

घुबड:
टॅक्सी बिचारी 😂😂

सुमी७७:
'दार कालाबासास' कोणी ऐकलंय? भोपळे देणे. मालिकेत हिरॉइन हिरोला भोपळे देते, मी मंडई शोधतेय पडद्यावर! नकार दिला एवढंच. गंमत म्हणजे परीक्षेत नापास करण्यालाही हेच म्हणतात. आमच्या गणिताच्या बाई स्पॅनिश असणार.

चिकित्सक:
स्पेनमधली मालिका असेल तर कालाबाथास. जीभ दातात.

सुमी७७:
भोपळा तो भोपळाच हो.

घुबड:
+१

मावशी_ऑनलाइन:
सबटायटल इंग्रजी ठेवू नका मुलांनो. 'मे एस्तास तोमान्दो एल पेलो' (माझे केस घेतोयस, म्हणजे थट्टा करतोयस) याचं खाली नुसतं 'मस्करी करतोस का' एवढंच येतं, केस गायब. स्पॅनिश सबटायटल लावल्यावर मला 'पेलो' दिसला. दर वाक्याला थांबवावं लागतं, एक भाग तीन दिवस पुरतो. घरचे रिमोट लपवतात.
आणि 'जिभेवर केस नसणे' म्हणजे फटकळ असणे. आपल्याकडे जिभेला हाड नसतं, त्यांच्याकडे केस. सासूबाई दोन्हीत बसतात.

अर्धवटराव:
मावशी 🙏 केसांचं प्रकरण फारच आहे त्यांच्याकडे.

नवखा_पेद्रो:
बेटी कुठे दिसेल? आणि 'पापेल'वाली मालिका बघून शिकलं तर चालेल का?

मावशी_ऑनलाइन:
'ला कासा दे पापेल' (मनी हाइस्ट) ना? चालेल, पण आधी शिव्या येतील. मला आल्या. आता विसरता येत नाहीत.

रिकामटेकडी:
पेद्रो, व्यनि (खासगी निरोप) करते. मेक्सिकोच्या मालिकांतलं 'आओरिता'ही शिकून ठेव. आत्ता, जरा वेळाने, किंवा कधीच नाही, तिन्ही अर्थ होतात.
बाळ उठलं. आओरिता येते.

घुबड:
गेली.