मदत हवी आहे: हायपोची डोसिंग लाइन, गॅस आणि शेजारचं ॲसिड

नमस्कार मंडळी. कूलिंग टॉवरच्या पाण्यात आम्ही सोडियम हायपोक्लोराइट (हायपो, म्हणजे द्रव ब्लीच) डोस करतो, साधारण १२ टक्क्यांचं. ऊन तापलं की डोसिंग पंप हवा धरतो आणि स्ट्रोक चालू असूनही पुढे थेंब जात नाही. हायपो उष्णतेने आणि उजेडाने विघटित होऊन ऑक्सिजन सोडतं, एवढं माहीत आहे. पण परवा देखभालीसाठी दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद ठेवले होते, तर मधला पाइप दुपारपर्यंत इतका ताणला की फिटिंग सैल करताच फस्सकन फवारा उडाला. फेसशील्ड होती म्हणून बरं, नुसत्या चष्म्यावर भागलं नसतं.

साध्या बॉल व्हॉल्व्हच्या पोकळीतही हायपो अडकून दाब वाढतो, म्हणून बॉलला दाब सुटायला वेगळं बारीक छिद्र असलेले व्हॉल्व्ह घ्यावेत असं वाचलं. कुणी वापरलेत का? छिद्राची बाजू टाकीकडे ठेवायची की पंपाकडे?

दुसरी धास्ती मोठी आहे. पीएच उतरवायचं हायड्रोक्लोरिक ॲसिड त्याच शेडमध्ये, त्याच बंडाच्या (गळती अडवणाऱ्या कठड्याच्या) आत ठेवलंय. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू! कॅनही दोन्हींचे निळेच. मी वेगळे बंड आणि वेगळ्या मापाचे होज कपलिंग मागितलेत, वरून उत्तर आलं, ‘लेबल लावा’. रात्रपाळीत लेबल कोण वाचतं?

तुमच्याकडे ही दोन्ही रसायनं कशी वेगळी ठेवलीत? आणि वरिष्ठांना कसं पटवलंत?