टोनी गेला की नाही? आमच्या घरात दोन तट पडलेत (सोप्रानोजचा शेवट)

जर्सीचा_बंड्या

स्पॉयलर आहेत. 'द सोप्रानोज' (न्यू जर्सीतला माफिया डॉन टोनी सोप्रानो आणि त्याच्या कुटुंबाची अमेरिकन मालिका) बघायची राहिली असेल तर आधी ८६ भाग बघून या, धागा कुठे पळत नाही.

रविवार, १० जून २००७. न्यू जर्सीत एडिसनमधला आमचा एका बेडरूमचा फ्लॅट. बायकोला सहावा महिना, ती साडेनऊलाच आडवी झाली होती. मी एकटा सोफ्यावर, मांडीवर थंड झालेला दहीभात. दहा वाजत आलेले. टोनी रेस्टॉरंटमध्ये बसलाय, समोर बायको कार्मेला, तिच्या शेजारी मुलगा एजे. टेबलावर ओनियन रिंग्ज. बाहेर मुलगी मेडो गाडी लावायची खटपट करतेय. ती धावत रस्ता ओलांडते, दाराची घंटी वाजते, टोनी मान वर करतो आणि पडदा काळा. आवाजही बंद.

मला वाटलं केबल गेली. उठून डब्यावर एक थाप मारली, सांगलीला शटरच्या टीव्हीला मारायचो तशी. मग केबलवाल्यांना फोन लावला. रेकॉर्ड केलेली बाई "एक दाबा, दोन दाबा" म्हणत असतानाच पडद्यावर श्रेयनामावली सरकायला लागली, तीही मुकी. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. जर्सी सिटीतल्या मित्राला फोन केला.

"तुझी पण गेली का रे?"

"नाही. तो गेला."

"कोण?"

"टोनी!"

तिथून जी जुंपली ती आजतागायत. मी पहिल्यापासून 'जिवंत' पार्टीचा. माझं म्हणणं साधं आहे. न्यूयॉर्कच्या टोळीचा म्होरक्या फिल लिओटार्डो, त्याला पेट्रोल पंपावर उडवलाय, न्यूयॉर्कवाल्यांशी तह झालाय, मग त्याला मारणार कोण आणि कशासाठी? फार तर खटला होईल. टोनीच्या टोळीतला कार्लो फुटलाय, साक्ष देणार आहे, हे टोनी स्वतःच कार्मेलाला सांगतो.

आता नवा पेच. तेव्हा पोटात असलेली आमची लेक सतरा वर्षांची झाली आणि तिने ही मालिका उन्हाळ्याच्या सुट्टीत तीन आठवड्यांत संपवली. (आम्हाला सहा सीझनना आठ वर्षं लागली होती.) सध्या तिची लायसन्सच्या रोड टेस्टची तयारी चाललीय. न्यू जर्सीत पॅरलल पार्किंग करून दाखवावं लागतं, म्हणून रोज संध्याकाळी घरासमोर कचऱ्याचे दोन डबे ठेवून सराव. परवा तिसऱ्यांदा मागचा डबा आडवा केला आणि स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, मेडोला हे पहिल्या फटक्यात जमलं असतं तर टोनी वाचला असता."

तिचं म्हणणं असं की समोरच्या बाकावर कार्मेला आणि एजे, म्हणजे रिकामी जागा टोनीच्या शेजारची. मेडो वेळेवर आली असती तर तिथेच बसली असती, टोनी आणि बाथरूमच्या मध्ये. आणि बाथरूममध्ये कोण गेलाय? काउंटरवरून टोनीकडे बघणारा तो 'मेंबर्स ओन्ली' ब्रँडच्या जॅकेटवाला.

मी म्हटलं, अगं तो लघवीला गेलाय. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही गॉडफादर बघितलाय ना? त्यात बाथरूममधूनच पिस्तूल आणतात."

बायको म्हणते दोघं जेवायला या.

तर मंडळी, तुम्ही कोणत्या बाजूचे? आणि का? 'चांगला प्रश्न, पॉपकॉर्न घेऊन बसलोय' एवढंच लिहायचं असेल तर नका लिहू.

---

फिल्लमची_कात्री

मी गोरेगावात एडिटर आहे, मालिकाच कापतो, तेव्हा धंद्यातलं बोलतो.

त्या सीनची लय पुन्हा बघा. दाराची घंटी वाजते, टोनी वर बघतो, आणि मग टोनीला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. प्रेक्षकाला न कळत ही सवय लावलीय. घंटी, चेहरा, त्याची नजर. शेवटी घंटी वाजते, चेहरा येतो, आणि नजरेच्या जागी काळं. म्हणजे ते काळं टोनीची नजर आहे. संपला विषय. मेला.

आता त्या काळ्याबद्दल. दहाएक सेकंद आहे ते. चोवीस फ्रेमच्या हिशेबाने दोनशे चाळीस काळ्या फ्रेम. आमच्याकडे एपिसोडच्या मध्ये चुकून पाच-सहा फ्रेम ब्लॅक राहिला तरी क्यूसीतून (चॅनेलच्या तपासणीतून) एपिसोड परत येतो आणि वर ऐकून घ्यावं लागतं. मालिकेचा कर्ता डेव्हिड चेस, त्याने अमेरिकेतल्या सगळ्यात गाजलेल्या मालिकेच्या टोकाला दहा सेकंद सोडला आणि त्यावर आवाजही ठेवला नाही. गाणंसुद्धा 'डोन्ट स्टॉप' एवढ्यावर कापलंय. एवढं नेमकं कापणारा 'बघू, काय समजायचं ते समजा' म्हणून कापत नाही.

---

जर्सीचा_बंड्या

कात्री, नियम पटला. पण मग मेडोची गाडी? ती बाहेर तीनदा मागे-पुढे करते, चाक फुटपाथला घासतं, हे सगळं आपल्याला दिसतं. टोनीला कुठे दिसतंय? तो आत मेनू वाचतोय आणि ज्यूकबॉक्सची पानं उलटतोय. म्हणजे कॅमेरा काही प्रत्येक वेळी टोनीच्या डोळ्यांत बसलेला नाही. मग शेवटच्याच वेळी का बसवता?

---

फिल्लमची_कात्री

मेडोच्या शॉटच्या आधी घंटी नाही. घंटी वाजली की नजर टोनीची, हा करार आहे. बाकी वेळी कॅमेरा मोकळा.

(बाकी तुमच्या लेकीला माझ्याकडे पाठवा, असिस्टंट हवीय.)

---

रोजची_मालिका

माझा अनुभव वेगळा. मी ही मालिका गेल्या वर्षी पुण्यात बसून पाहिली, तोपर्यंत शेवटाबद्दल एवढं ऐकलं होतं की काळा पडदा आला तेव्हा घड्याळ लावून बसले होते. धक्का बसलाच नाही. त्याचं मला वाईट वाटतं, बंड्या यांच्यासारखी थाप मारायला मिळाली नाही.

पण एक सांगते. आपण ज्या मालिकांवर वाढलो तिथे शेवटच्या भागात खलनायिका रडून माफी मागते, अडकलेली दोन लग्नं लागतात आणि सगळं कुटुंब सोफ्याच्या मागे ओळीत उभं राहून आपल्याला हात जोडतं. माझ्या सासूबाई उलट हात जोडायच्या, खरंच. तेव्हा शेवट म्हणजे निरोप. टोनीच्या घरचेही शेवटी एकत्र जमतात, खातात, बोलतात, पण निरोप कोणी घेत नाही. मला 'मेला की जगला' यापेक्षा त्याचाच राग आला.

त्याच भागात टोनी आपल्या काकाला, अंकल ज्युनियरला भेटायला जातो, ते जास्त लागलं. म्हातारा सगळं विसरलाय. टोनी सांगतो की तुम्ही आणि बाबा मिळून उत्तर जर्सी चालवायचात. म्हातारा म्हणतो, हो का? छान. बस. आमचे आजोबा शेवटची दोन वर्षं असेच. चाळीस वर्षं कचेरीत दरारा, आणि शेवटी स्वतःचीच सही बघून "कोणाची हो सुरेख सही?" म्हणायचे. माझ्यापुरता सोप्रानोजचा शेवट तिथेच झाला, पुढची ओनियन रिंग ही बडीशेप.

---

निव्वळ_वाचक

मंडळी, लेखकालाच विचारलं तर? म्हणजे विचारलंय लोकांनी, वर्षानुवर्षं. डेव्हिड चेसने हा भाग स्वतः लिहिला आणि दिग्दर्शित केला (त्याआधी त्याने फक्त पहिला भाग दिग्दर्शित केला होता). त्याची उत्तरं अशी:

२००७ मध्ये म्हणाला, समजावून सांगणार नाही, सगळं पडद्यावर आहे. २०१४ मध्ये एका लेखात छापून आलं की त्याच्या मते टोनी मेलेला नाही, लगेच त्याच्या वतीने खुलासा आला की बोलण्याचा विपर्यास झाला. २०१५ मध्ये दिग्दर्शकांच्या संघटनेच्या मासिकात शॉट-दर-शॉट सगळा सीन उलगडून सांगितला आणि नेमकं तेवढंच सोडलं. २०१९ च्या पुस्तकात दोन समीक्षकांशी बोलता बोलता त्याच्या तोंडून 'मृत्यूचं दृश्य' असे शब्द निसटले, मग त्यांनाच शिवी हासडली. २०२१ मध्ये सांगितलं की मूळ कल्पना वेगळीच होती: टोनी लिंकन टनेलमधून उलटा न्यूयॉर्कला जातो, बैठकीला, आणि तिथे त्याचं बरं-वाईट होतं. दर भागाच्या सुरुवातीला तो टनेलमधून बाहेर येऊन घरी जातो ना, त्याचं उलट. नंतर एक साधं खाण्याचं ठिकाण बघून त्याला वाटलं, हे अशा जागी व्हावं.

आता 'हे' म्हणजे काय ते तुम्हीच सांगा.

माझं मत: चेस 'मेला' पार्टीचा आहे. पण लेखकाने चौदा वर्षांनी मुलाखतीत दिलेलं मत हे एक मत, बंड्याच्या लेकीचं दुसरं. पडद्यावर जे नाही ते नाही.

---

वसईकर_दुल्लू

एक मुद्दा कोणीच काढला नाही. मी वसईचा, कॅथलिक. तिघंही ओनियन रिंग कशी खातात बघा. चावा घेत नाहीत, तुकडा मोडत नाहीत, अख्खी जिभेवर. एकामागून एक तिघं. मी आईबरोबर बघत होतो, आई म्हणाली, "अरे, हे तर कम्युनियन घेतात तसं." मिस्सेत आपण ख्रिस्तशरीर तसंच घेतो, दातांनी चावायचं नाही असं लहानपणी दटावलेलं असतं. चेस इटालियन घरातला आहे, त्याला हे माहीत नसेल असं नाही.

मुद्दाम असेल तर तो अंत्यविधीच झाला. मुद्दाम नसेल तर आम्हा मायलेकांना उगाच रडू आलं.

आणि टोनीचा मेहुणा बॉबी विसरलात? तळ्यात होडीत बसून टोनीला म्हणतो, मरणाचा तो क्षण येतो तेव्हा बहुतेक ऐकूही येत नसेल. शेवटच्या आधीच्या भागात ते पुन्हा दाखवलंय. म्हणून माझं मत कात्री यांच्या बाजूने.

---

पार्सिपनीची_मामी

तुमची शास्त्रं चालू द्या, मी तिथे जाऊन आलेय ते सांगते.

ब्लूमफिल्डमधलं होल्स्टेन्स, शेवटचा सीन जिथे चित्रित झाला ते. १९३९ पासूनचं आइस्क्रीमचं दुकान, पुढे काचेच्या कपाटात चॉकलेटं आणि गोळ्या, मागे बाकं. सासू-सासरे आले होते २०१८ मध्ये. नायगारा, व्हाइट हाउस, ब्रिजवॉटरचं बालाजी मंदिर सगळं दाखवून झालं, मग यजमान म्हणाले आता एक माझ्या आवडीचं. ते टोनीचं बाक राखीव असायचं, त्याच्यावर पाटी. लोक फोटोसाठी थांबतात आणि आळीपाळीने बसतात. अण्णा, म्हणजे सासरे, मध्ये बसले. ओनियन रिंग्ज आल्या. अण्णांनी एक उचलली, उजेडात धरली, आरपार बघितलं आणि म्हणाले, "भजीला भोक कशाला पाडलंय?" अख्खी वगैरे नाही, चार तुकडे करून सॉसशिवाय खाल्ली.

मग विचारलं, "सगळे फोटो का काढतायत? इथे कोण गेलं?"

मी म्हटलं, "तेच तर ठरत नाहीये, अण्णा."

"मग दिवस कसे करणार?" म्हणाले.

ते बाक २०२४ मध्ये लिलावात गेलं, ८२,६०० डॉलरला. यजमानांनी बातमी वाचून दाखवली तेव्हा मी म्हटलं, अण्णांनी सांडलेल्या मिठासकट गेलं असेल.

बंड्या, तुम्ही कुठल्या पार्टीचे त्याने फरक पडत नाही. लेकीला पहिल्या फटक्यात गाडी लावायला शिकवा.

---

जर्सीचा_बंड्या

मामी, 'दिवस कसे करणार' यावर बायको इतकी हसली की तिने पहिल्यांदा या विषयात रस दाखवला. म्हणाली, "अण्णा बरोबर आहेत, सुतक पाळायचं की नाही तेवढं ठरवा." तिचं मत तिने आजवर कधी सांगितलं नव्हतं. परवा सांगितलं: मेला तो २०१३ मध्ये, रोममध्ये. म्हणजे टोनीचं काम करणारा नट, गँडॉल्फिनी. बातमी आली तेव्हा मी दिवसभर कामात नव्हतो हे तिच्या लक्षात आहे, माझ्या नाही.

दुल्लू, ओनियन रिंगचं आधीही वाचलं होतं, पण आईंचं वाक्य आता डोक्यातून जात नाही. पुन्हा बघितलं. मी अजून 'जिवंत' पार्टीतच आहे, पण बाकावर जरा कडेला सरकून बसलोय.

बाकीचं: लेक रोड टेस्ट पास झाली. पॅरलल पार्किंग दुसऱ्या फटक्यात, पण पास. तिने बक्षीस काय मागितलं असेल? शनिवारी होल्स्टेन्सला गेलो. तिनेच चालवत नेली. आम्ही दोघं पुढे जाऊन बसलो, ती म्हणाली, मी लावून येते, रस्त्यावरच लावणार, तुम्ही बघायचं नाही. बाक नवं आहे, पाठ अजून चकचकीत. मी दाराकडे तोंड करून बसलो, तेही मुद्दाम नाही, बायकोला एसीचा झोत नको होता म्हणून. ओनियन रिंग्ज मागवल्या. पाच मिनिटं झाली, सात झाली. दार उघडलं की मी वर बघायचो. एक आजोबा आले, मग बेसबॉलच्या कपड्यातली पोरं, मग कोणीच नाही. बायको म्हणाली, "रिंग गार होतेय, खा."

नवव्या मिनिटाला आली, घामाघूम, किल्ली बोटात फिरवत. माझ्या शेजारीच बसली.

कात्री, तुमच्यासाठी एक गोष्ट बघून यायची ठरवली होती: त्या दाराला खरोखर घंटी आहे का. एवढा वेळ दाराकडे बघत होतो आणि नेमकं तेच बघायचं राहिलं. कोणी त्या बाजूला गेलं तर बघून इथे लिहा.