कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ : शटरची पाती चिकटली आहेत, कॅमेरा घरी कितपत उघडावा?

प्रश्न

घरात बरीच वर्षे बंद कपाटात राहिलेला कॅनन कॅनोनेट क्यूएल१७ जी-३ मला पुन्हा वापरात आणायचा आहे. १९७२ साली बाजारात आलेल्या या कॅमेऱ्याचे ४० मिमी एफ/१.७ भिंग कायमचे जोडलेले असते, त्यामुळे ते सुटे काढून तपासता येत नाही. फिल्म पुढे सरकवण्याचा खटका नीट फिरतो आणि बटण दाबल्यावर आतून टक् असा आवाजही येतो. परंतु मागचे झाकण उघडून, कॅमेरा उजेडाकडे धरून पाहिले असता पाती तसूभरही हलत नाहीत. झाकणाच्या खाचांमधल्या काळ्या स्पंजाचा चिकट लगदा झाला आहे, व्ह्यूफाइंडर धुरकट आहे आणि पुढच्या भिंगाच्या आतल्या बाजूस कडेला बुरशीचे पांढरे धागे दिसतात. लहान यंत्रे उघडण्याचा हात मला आहे, कॅमेरा मात्र आजवर उघडलेला नाही. तो पूर्ण सुटा करून साफ करावा, की काही भागच उघडावेत? हत्यारे आणि द्रावणे कोणती घ्यावीत?

प्रतिसाद १

पूर्ण सुटा करू नका. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांपैकी जवळपास सगळ्यांवर भिंगाचा पुढचा भाग काढून आणि वरचे झाकण उचलून इलाज होतो. शटरमधली दातेरी चाके, फोकसचे आटे आणि प्रकाशमापकाच्या तारा यांना हात लावण्याचे कारणच नाही.

आवाज येतो पण पाती उघडत नाहीत, याचा अर्थ स्प्रिंग सुटते आहे आणि पाती एकमेकांना चिकटली आहेत. अशा शटरची पाती कोरडी चालावीत अशीच त्यांची रचना असते. वर्षानुवर्षे आतले वंगण पातळ होऊन पसरते, पात्यांवर त्याचा अतिशय पातळ थर बसतो, आणि स्प्रिंगचा जोर त्या थराची पकड सोडवायला पुरत नाही. त्यामुळे पात्यांवर तेलाचा थेंब सोडावा असा सल्ला कोणी दिला, तर तो मुळीच ऐकू नका.

हत्यारांत काटकसर करू नये. जपानी कॅमेऱ्यांचे चौफुलीचे स्क्रू जेआयएस (जपानी औद्योगिक मानक) मापाचे असतात. नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यांत पूर्ण बसत नाही, घसरतो आणि स्क्रूचे डोके खराब करतो. भिंगाच्या कड्यांसाठी दोन टोकांचा लेन्स स्पॅनर लागेल. भिंगाचे नाव कोरलेले पुढचे कडे मात्र रबराच्या गोल तुकड्याने दाबून फिरवावे, म्हणजे ओरखडा पडत नाही. पुढचा भिंगसमूह बाहेर आला की पाती समोरच दिसतील. कड्याच्या आत, भिंगाच्या वर प्रकाशमापकाची छोटी खिडकी आहे. तिथे द्रावण जाऊ देऊ नका. प्रत्येक पायरीवर मोबाइलने छायाचित्र घ्या आणि स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने दुहेरी चिकटपट्टीवर लावून ठेवा, कारण एकसारखे दिसणारे दोन स्क्रू लांबीने वेगळे असू शकतात आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी घट्ट केला, तर तो आतल्या एखाद्या भागाला जाऊन टेकतो.

प्रतिसाद २

वरील मताशी मी सहमत आहे. द्रावणाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक शटर तिथेच बिघडतात. लायटरमध्ये भरतात ते नॅफ्था इथे योग्य आहे. ते वंगण विरघळवते आणि स्वतः उडून जाते. अनेक जण ते शटरमध्ये ओततात. मला ही पद्धत पटत नाही, कारण विरघळलेले तेल कुठेही जात नाही. नॅफ्था उडून गेल्यावर तेच तेल, कदाचित आणखी आतल्या भागातले वंगण सोबत घेऊन, पात्यांवर परत बसते. त्याऐवजी कापसाची काडी नुसती ओलसर करून पात्यांवरून अलगद फिरवा, शटर चालवा, कोरड्या काडीने टिपून घ्या आणि पुन्हा तेच करा. काडीवर तपकिरी डाग उमटायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवावे. पाती कागदाइतकी पातळ असतात. त्यांना चिमट्याने ढकलू नका. खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत किंवा ठिणगी नसेल याची खात्री करा.

व्ह्यूफाइंडरबद्दल एक कळकळीची विनंती. वरचे झाकण उचलताना ते हळूच तिरके करून आधी आत पाहा, कारण फ्लॅशच्या जोडणीची तार त्याला लागलेली असते. बाहेरच्या काचांच्या आतल्या बाजू निःशंकपणे पुसा. तो धुरकटपणा बहुधा तिथलाच असतो. रेंजफाइंडरमधल्या (फोकस जुळवण्याच्या यंत्रणेतल्या) अर्धपारदर्शक आरशाला मात्र फक्त हवेच्या फुग्याने झटका. त्याचा मुलामा इतका नाजूक असतो की कापसाच्या एकाच घासण्याने तो निघू शकतो. मग फोकस जुळवण्यासाठी दिसणारी दुहेरी प्रतिमा कायमची फिकी होते आणि सगळा कॅमेरा चालत असूनही वापरणे अवघड होऊन बसते.

प्रतिसाद ३

स्पंज आणि सेल यांच्याविषयी थोडक्यात. जुना स्पंज लाकडी टूथपिकने खरवडून काढा, उरलेला चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि हे सगळे करताना कॅमेऱ्याची उघडी बाजू खाली ठेवा, म्हणजे कचरा आत पडणार नाही. खाचांत काळी लोकर आणि बिजागरीपाशी पातळ काळे फेल्ट बसवले की उजेड आत शिरत नाही. ते स्पंजासारखे कुजतही नाही.

हा कॅमेरा १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेला आहे आणि ते सेल आता बनत नाहीत. १.५ व्होल्टचा अल्कलाइन सेल घातल्यास मापन चुकते, शिवाय सेल उतरत जाईल तशी चूकही बदलत जाते. श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल सुमारे १.४ व्होल्ट देतो आणि बराच काळ तो स्थिर ठेवतो; तो आकाराने लहान असल्यामुळे भोवती रबरी कडे घालावे लागते. शटर पूर्णपणे यांत्रिक आहे, त्यामुळे सेल नसतानाही भिंगाचे छिद्र (अ‍ॅपर्चर) हाताने लावून छायाचित्रे काढता येतात.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ओलसर काडीच्या पद्धतीने पाती उघडू लागली. मात्र रात्रभर ठेवल्यावर १/४ सेकंदाला पहिल्या खेपेस ती पुन्हा अडखळली. बुरशीचे धागे निघाले, पण तिरक्या उजेडात त्यांच्या जागी फिकट नक्षी अजून दिसते. ती आणखी घासावी का?

प्रतिसाद २

रात्रभरानंतरची पहिली खेप हीच खरी परीक्षा असते. पात्यांच्या खाचेतून थोडे वंगण अजून झिरपते आहे, इतकाच त्याचा अर्थ. पुढचा भिंगसमूह तूर्त हलकेच बसवून ठेवा आणि रोज एकदा तीच सफाई करा. सकाळची पहिली खेप सलग काही दिवस निर्दोष झाल्याशिवाय कडी घट्ट करू नका.

भिंगाला आणखी हात लावू नका. बुरशीतून निघणारे आम्ल काचेवरचा मुलामा खाते आणि ती खूण घासून जात नाही. घासल्याने उरलेला मुलामाही जाईल. कडेची फिकट नक्षी छायाचित्रात सहसा जाणवत नाही, फार तर सूर्य समोर असताना चित्र किंचित फिके पडेल. बुरशी पुन्हा वाढू नये म्हणून कॅमेरा चामड्याच्या जुन्या पिशवीत न ठेवता हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा आणि आतली आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखा.